लुवुवू नदीपर्यंत

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात डांबरी रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरहून अधिक वेगाने मोटार हाकण्यास मनाई आहे, नेमून दिलेल्या जागांखेरीज खाली उतरण्यास सक्त बंदी आहे, आणि फाटके बंद होण्यापूर्वी मुक्काम गाठणे प्रत्येकास बंधनकारक आहे. परंतु ब्लाइड नदीच्या प्रचंड घळीच्या काठाकाठाने येऊन आम्ही उभयतां ओर्पन फाटकातून आत शिरलो, आणि रस्ता अडवून उभ्या राहिलेल्या हत्तींच्या कळपासमोर इंजिन बंद करून अर्धा तास निःशब्द बसलो, तेव्हा ह्या निर्बंधांतच त्या प्रवासाचे सुख आहे, याविषयी पत्नीचे व माझे एकमत झाले.

खेद वाटतो तो बहुसंख्य प्रवाशांच्या घाईचा. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा व रानरेडा ही पाच नावे मूळची शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना सर्वांत घातक ठरणारे प्राणी म्हणून त्यांनी ती एकत्र केली. आज बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, तरी यादी तीच राहिली, आणि ती पुरी होताच दक्षिणेकडूनच परत फिरण्याचा प्रघात पडला आहे.

आम्ही उत्तरेकडे गेलो. शिंगवेड्झीच्या पुढे वस्ती विरळ होते, गोरखचिंचेचे अवाढव्य वृक्ष दिसू लागतात, आणि अखेरीस लिंपोपो व लुवुवू या नद्यांमधला पाफुरीचा मुलूख लागतो. हा मुलूख मकुलेके लोकांचा. 1969 साली वर्णभेदी सरकारच्या हुकमाने सुमारे 3000 माणसांना येथून बेदखल करण्यात आले, स्वतःच्या झोपड्यांना स्वहस्ते आग लावण्याची सक्ती त्यांच्यावर झाली, आणि त्यांची जमीन उद्यानाच्या हद्दीत सामील झाली. राज्य पालटल्यावर त्यांनी दावा लावला व 1998 साली मालकी परत मिळवली. पण ज्या अरण्याच्या नावाखाली आपली घरे गेली, ते अरण्य मोडून पुन्हा वसाहत करण्याऐवजी त्यांनी ते राखले, उद्यानाच्या कारभारात भागी पत्करली, आणि पर्यटनाचे उत्पन्न आपल्या गावांकडे वळवले. एवढे औदार्य मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

म्हणून पुण्यामुंबईहून तिकडे निघणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की सिंह एखादा कमी दिसला तरी चालेल, पण दोन दिवस अधिक काढून पाफुरीपर्यंत जावे, आणि जेथे लुवुवूच्या काठी उतरण्याची परवानगी आहे तेथे, या जमिनीच्या धन्यांचे स्मरण ठेवून, घटकाभर बसावे.