आधी झडती कोणाची?



वर्षावासातील एका रविवारी आम्ही आमच्या विहारातील मुलामुलींना घेऊन जव्हार तालुक्यातील दाभोसा येथे सहलीला गेलो होतो. लेंडी नदीचा धबधबा सुमारे ३०० फूट खाली कोसळत होता. मुले हरखून गेली. परतताना जव्हारचा जयविलास राजवाडा पाहिला. हा राजवाडा मुकणे घराण्याचा. हे घराणे महादेव कोळी, म्हणजे आदिवासी. त्यांचे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले.

एवढ्यात पावसाने गाठले. आम्ही सगळे एका चहाच्या टपरीत दाटीवाटीने बसलो. वेळ जावा म्हणून एका मुलाने खेळ काढला, "चोर कोण?" असा मोठा वाडा आहे, रात्र पावसाची आहे, घाट बंद आहे, बाहेरून कोणी येऊ शकत नाही, आणि सकाळी हिऱ्यांचा हार गायब! आता ज्याने त्याने चोर सांगायचा. बहुतेकांनी एकच उत्तर दिले, "मोलकरीण!"

नववीतली एक मुलगी तेवढी गप्प होती. शेवटी ती म्हणाली, "काका, दर वेळी कामवाली बाईच कशी हो चोर?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. तिची आई तीन घरची धुणीभांडी करते. मागे एका घरात सोन्याची बांगडी सापडेना, तेव्हा पहिली पिशवी उपसली गेली ती हिच्या आईची. कमरेची चंचीसुद्धा सोडायला लावली. दोन दिवसांनी बांगडी मालकिणीच्याच कपाटात, साडीच्या घडीत सापडली. माफी कोणी मागितली नाही. उलट त्या दोन दिवसांचा पगार कापला. मायलेकींच्या परवानगीनेच आम्ही हे लिहीत आहोत. आपल्या किती घरांत हे घडले असेल, ते वाचकांनीच आठवावे.

रहस्यकथा आम्ही लहानपणापासून वाचत आलो. बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय-छोटू, झुंजार आणि काळापहाड यांनी आमच्या पिढीला वाचनाची गोडी लावली. बाबूरावांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. इंग्रजीत अगाथा ख्रिस्ती या बाईंनी वाड्यातील खुनाच्या कथा जगभर नेल्या. त्यांची पहिली कादंबरी १९२० सालची. तिच्यातला गुप्तहेर पॉइरो हा युद्धामुळे परागंदा झालेला बेल्जियन निर्वासित. बड्या घरचे सत्य शोधून काढतो तो बाहेरचा माणूस, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पण याच कथांमधली एक गंमत ऐका. व्हॅन डाईन या अमेरिकन लेखकाने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम सांगितले. त्यांत एक नियम असा की, नोकराला गुन्हेगार दाखवू नये. आम्हांला वाटले, वा! गरिबाचा कैवारी दिसतो! पण कारण वाचले आणि डोळे उघडले. गुन्हेगार हा कोणी योग्यतेचा माणूस असावा. नोकर दाखवणे म्हणजे फारच सोपे उत्तर, असे त्याचे म्हणणे. म्हणजे कथेत नोकर गुन्हेगार नाही, कारण तो तेवढ्या योग्यतेचा नाही. आणि प्रत्यक्षात तोच पहिला गुन्हेगार, कारण तो गरीब! दोन्हीकडे माणूस म्हणून हिशेबात तो नाहीच.

२०१९ साली 'नाइव्ज आउट' नावाचा इंग्रजी चित्रपट आला. काळ आजचा, पण थाट जुन्या वाड्यातील रहस्यकथेचा. एका श्रीमंत वृद्ध लेखकाचा मृत्यू होतो. त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका मार्ता ही परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबातली. घरातले सगळे म्हणतात, "तू आमच्यातलीच!" पण ती मूळची कोणत्या देशाची, हे एकालाही धड सांगता येत नाही. खोटे बोलले की मार्ताला उलटी होते. गुप्तहेर मात्र तिच्याशी माणसासारखे बोलतो, तिचे ऐकतो. शेवट आम्ही सांगणार नाही. वस्तीत कोणाकडे सोय असेल तर मुलामुलींसोबत जरूर पाहावा.

आम्ही आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या. व्हाउचर नाही तर खर्च नाही, हा आमच्या टेबलाचा नियम. तसेच पुरावा नाही तर आरोप नाही. तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना हेच सांगितले. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. चांगली रहस्यकथा हीच सवय लावते. म्हणून मुले अशी पुस्तके वाचत असतील तर रागावू नका.

आता कामाचे. घरकाम करणाऱ्या आमच्या भगिनींनी लक्षात ठेवावे. पोलिसांना महिलेची झडती महिलेकडूनच आणि सभ्यता राखून घ्यावी लागते. अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तरी या तरतुदी कायम आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर इतरांनी खोटी फौजदारी केस केली, तर १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली तो गुन्हा आहे. असा प्रसंग आला तर भगिनीला एकटीला ठाण्यात पाठवू नका. मंडळाच्या चार महिलांनी सोबत जावे.

पाऊस थांबला तेव्हा मुलांनी खेळ पुन्हा मांडला. या वेळी त्या मुलीलाच गुप्तहेर केले. तिने पहिला हुकूम सोडला, "आधी मालकाचे कपाट उघडा!"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण बाईचे म्हणणे अगदी कायदेशीर होते.

भवतु सब्ब मंगलम्!