सोने लुटताना

विजयादशमीला आपण आपट्याचे ‘सोने लुटतो’. या प्रथेमागील कथेत मात्र लूट नाहीच. आहे ती निःस्पृहता. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी १४ कोटी सुवर्णमुद्रा मागण्यास रघुराजाकडे आला. सर्वस्व दान करून बसलेल्या राजाने कुबेरावर स्वारीचा निश्चय केला, तोच कोषागारात सुवर्णवृष्टी झाली. कौत्साने गुरूंचे देणे तेवढेच घेतले; उरलेले परत घेण्यास रघू तयार नव्हता. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त अयोध्यावासी या दोघांचेही कौतुक करतात. लोककथेने ती वृष्टी आपट्यावर आणली आणि उरलेले सोने प्रजेस वाटले.

आज दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात फांद्यांचे भारे येऊन पडतात. (पुष्कळदा तो आपटा नसून कांचन असतो, हे निराळेच!) दुसऱ्या दिवशी तीच पाने कचऱ्यात. परंपरेने सांगितले ते अश्मंतकाचे पूजन, ओरबाडणे नव्हे. ज्येष्ठांच्या हाती एकच पान ठेवून नमस्कार केला, तर सण उणा होतो काय? मुरमाड जमिनीतही तगणारे हे झाड पावसाळ्यात वसाहतीच्या आवारात लावावे आणि दसऱ्याची पूजा सर्व घरांनी मिळून तिथेच करावी.