विश्लेषण : मूल होत नाही? आधी ‘त्याची’ तपासणी करा!

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की आपल्याकडे तपासण्या सुनेपासून सुरू होतात. सोनोग्राफी, हार्मोन्स, गर्भनलिकांची तपासणी, झालेच तर उपासतापास. मुलाची वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी, तीही त्याने मनावर घेतले तर! वास्तविक मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण असते; कधी एकट्या त्याचे, कधी दोघांचे मिळून. यातल्या काही पुरुषांत बिघाड जन्माआधीपासूनच असतो, आणि तो कसा होतो हे आता उलगडू लागले आहे.

डीएनएतले घुसखोर

आपल्या डीएनएचा सुमारे 45 टक्के भाग ‘ट्रान्सपोझॉन’ नावाच्या तुकड्यांपासून बनलेला आहे. प्रथिने कशी बनवायची हे सांगणारा भाग दोन टक्क्यांहूनही कमी. ट्रान्सपोझॉन जागा बदलतात किंवा स्वतःची नक्कल काढून ती दुसरीकडे चिकटवतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरचे रंगीत ठिपके पाहून ते ओळखले. नोबेल मिळायला मात्र 1983 उजाडले. माणसातले बहुतेक तुकडे आता मोडकळीस आले आहेत, पण ‘लाइन-1’ जातीचे काही अजून उड्या मारू शकतात. असा तुकडा कामाच्या जनुकात घुसला, तर ते जनुक बिघडते. त्वचेच्या पेशीत हे झाले तर नुकसान त्या माणसापुरते राहते. शुक्राणू तयार करणाऱ्या पेशीत झाले तर ते पुढच्या पिढीत जाऊ शकते.

एरवी मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा या तुकड्यांना गप्प बसवतात. पण गर्भाच्या वाढीत एक टप्पा असा येतो की भावी शुक्राणूंच्या मूळ पेशींतल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात. नव्या पिढीसाठी पाटी कोरी करायची असते ना! जुने कुलूप काढले आहे, नवे बसायचे आहे, अशी ती अवस्था.

पहारा कोण देते?

इथे कामाला येतात ‘पाय-आरएनए’. जेमतेम 24 ते 31 अक्षरांचे हे आरएनए उंदराच्या वृषणात 2006 मध्ये सापडले. त्यांची जोडी ‘पिवी’ प्रथिनांशी असते. हे जनुक बिघडले की फळमाशीचे वृषण दुबळे राहते, यावरूनच ‘पिवी’ हे नाव पडले.

उंदराच्या नर गर्भात यंत्रणा अशी चालते : ट्रान्सपोझॉनने आपली आरएनए प्रत काढली की ‘मिली’ हे प्रथिन पाय-आरएनएच्या मदतीने ती ओळखून कापते. त्या तुकड्यांतूनच नवे पाय-आरएनए तयार होतात. थोडक्यात, चोराच्याच सामानातून चोराचा फोटो! तो घेऊन ‘मिवी-2’ केंद्रकात जाते, जिथून प्रत निघत असते ती जागा शोधते आणि तिथे मिथाइल खुणा लावणारी प्रथिने बोलावून आणते. मग ते कुलूप जन्मभर टिकते.

ही प्रथिने नसलेल्या उंदरांत ट्रान्सपोझॉन जागे होतात, शुक्राणू अर्ध्यावरच अडतात आणि नर वंध्य होतो. बाकी प्राणी चांगला धडधाकट! मादीला मात्र पिल्ले होतात.

माणसाचे काय? वीर्यात शुक्राणूच नसलेल्या काही पुरुषांत ‘पीएनएलडीसी-1’ हे जनुक बिघडलेले आढळल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. पाय-आरएनएची लांबी छाटून नेमकी करणे, हे या जनुकाचे काम.

असे रुग्ण थोडे आहेत, हे खरे. पुरुष वंध्यत्वाची कारणे अनेक आहेत आणि त्यातल्या काहींवर उपचारही आहेत. पण ज्याच्या शुक्राणूंची वाट जन्माआधीच अडली, त्याला चूर्ण आणि ‘पुरुषशक्ती’ची कॅप्सूल काय करणार? त्याच्या ‘मर्दानगी’चाही याच्याशी संबंध नाही. लाजेपोटी तो तपासणी टाळतो आणि इंजेक्शने बायको घेत राहते, हा अन्याय आहे.

म्हणून पहिल्याच भेटीत दोघांची तपासणी व्हावी, असा आग्रह डॉक्टरांनी धरावा आणि सासू-सासऱ्यांनीही. वीर्यतपासणीत सुई नाही, भूल नाही. अहवालात शुक्राणू शून्य आले तर तपासणी पुन्हा करून घ्यावी आणि गुणसूत्रांच्या चाचणीबद्दल विचारावे. वाय गुणसूत्राचा एखादा तुकडा गळाला आहे का, हे आजही तपासता येते. पाय-आरएनएशी संबंधित जनुकांची तपासणी मात्र अजून नेहमीच्या चाचण्यांत आलेली नाही.