बोंडात किती पोहोचते?

‘प्रमोटर जितका जोरदार, तितके पीक सुरक्षित,’ असे जनुक-परिवर्तित वाणांचे समर्थक धरून चालतात. ‘प्रमोटर विषाणूचा, म्हणजे घातकच,’ असे विरोधक म्हणतात. मला दोन्ही मान्य नाही.

विरोधकांच्या मुद्द्याचा निकाल लवकर लागतो. जनुक कुठे, केव्हा आणि किती चालायचे हे प्रमोटर ठरवतो. तो स्वतः प्रथिन बनवत नाही. बीटी कपाशीतला ‘३५ एस’ फुलकोबीच्या मोझॅक विषाणूतून घेतलेला आहे, हे खरे. पण हा विषाणू कोबीवर्गीय भाज्यांवर आपसूकच पडतो आणि रोगट भाजीबरोबर प्रमोटरसकट आपल्या पोटात जातो. हे काही आजचे नाही.

समर्थकांचा मुद्दा जास्त फसवा आहे, कारण त्याला प्रयोगाचा आधार आहे. ३५ एसमधला जोर वाढवणारा भाग दुहेरी केला, तर जनुकाचे काम सुमारे दहापट वाढते, हे १९८७ मध्ये दिसले. पण १९९० मध्ये पेटुनियाची फुले आणखी गडद व्हावीत म्हणून याच प्रमोटरच्या जोरावर रंगाचे जादा जनुक घातले, तेव्हा कित्येक झाडांना पांढरीफट्ट फुले आली. बाहेरच्या जनुकाबरोबर झाडाने स्वतःचेही जनुक बंद करून टाकले होते.

आणि कपाशी? तिला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत बोंडअळीला मारणारे बीटी प्रथिन सर्वांत जास्त पानांत आढळले. बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या बीजकोशात फारच कमी. झाड जून होत गेले तसे ते आणखी घटले. म्हणजे अळीला जे हवे असते, तिथेच पहारा ढिला.

नोव्हेंबरात यवतमाळकडच्या शेतातले एखादे किडके हिरवे बोंड चिरून बघा. बाहेरून धड दिसते. आत ओली रुई पिवळी पडलेली आणि गुलाबी अळी थेट सरकीत घुसलेली. डोमकळी, म्हणजे अळीने पाकळ्या गुंफल्यामुळे न उमललेले फूल, दिसली तेव्हाच शेतकऱ्याला धास्ती बसलेली असते. पुढे कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस वेचण्याची मजुरीही अंगावर पडते. त्यातच संकरित वाणात जनुक एकाच पालकाकडून आले असेल, तर त्या झाडाच्या बोंडातल्या दर चार सरक्यांपैकी साधारण एकीत ते नसतेच. नसलेले जनुक कोणता प्रमोटर चालवणार?

म्हणून माझा आग्रह जागेचा आणि वेळेचा आहे. २००० साली जगापुढे आलेल्या सोनेरी भातात, जीवनसत्त्व ‘अ’साठी लागणारा रंग तांदळाच्या दाण्यात उतरावा म्हणून दाण्यातच चालणारा प्रमोटरही वापरला होता. कपाशीलाही पाते, बोंड आणि सरकी यांत, तेही हंगामाच्या शेवटापर्यंत चालणारा प्रमोटर हवा; आणि प्रत्येक सरकीत जनुक असणारे सरळ वाण हवे. बियाणे विकायच्या आधी १२० आणि १५० दिवसांच्या झाडावर, बोंडाची साल आणि सरकी वेगवेगळी तपासून प्रथिनाचे आकडे पाकिटावर मराठीत छापायला लावा. कोवळ्या पानाचा आकडा त्यासाठी चालणार नाही.