रविवारचा धर्म, सोमवारचं काम

"तुम्हा ख्रिश्चनांचं काय, रविवारी चर्च आणि डिसेंबरमध्ये केक!" असं हॉस्टेलवर मित्र गमतीने म्हणतात. पण मित्रांनो, मला वाटतं आमची खरी परीक्षा सोमवारी असते.

पंडिता रमाबाईंचं बघा. कॉन्व्हेंटमध्ये त्या आम्हाला दोनच ओळींत भेटल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली, विधवा आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे प्रार्थना होती, तशीच शेती, विणकाम आणि छापखानाही होता. सगळ्यात भारी म्हणजे, साध्या बायाबापड्यांना समजेल असं बायबल हवं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, भाषांतराला वर्षानुवर्षं दिली. ते छापलं मुक्तीतल्याच बायकामुलींनी. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं. एकेक खिळा हाताने जुळवायचा, एक अक्षर उलटं बसलं की ओळ बिघडली. मला तर ते लक्ष देणंच प्रार्थनेसारखं वाटतं.

आता आपलं वाळूज. इथे एमआयडीसीत उद्या आपल्यातले बरेच जण नोकरी करतील. गेज लावून बघायचं, की इन्स्पेक्शन शीटवर अंदाजे रीडिंग ठोकायचं? कंत्राटी कामगाराला 'ए' म्हणायचं की 'दादा'? माझ्या मते हे धर्माचेच प्रश्न आहेत. टार्गेट डोक्यावर असताना, रात्रपाळीत, ते जड जाणार हेही खरं.

आणि सबमिशनच्या आदल्या रात्री कॉपी होणारी रीडिंग्ज? तीही याच खात्यात. (फाइल मागायला येणाऱ्यांनी आता दुसरी रूम बघावी!)