पदवीचा हप्ता कोण भरणार?

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यातून पहाटे लोकलसाठी धावणाऱ्या तरुणांत पदवीधर किती, हे कोणी मोजत नाही. मुंबईत जागा परवडेना म्हणून इथवर आलेल्या आपल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन पोरे शिकवली. बाबासाहेबांचा 'शिका' हा आदेश समाजाने पाळला. सरकारने काय पाळले?

2024 साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी पासला महिना 6,000, आयटीआय व पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये. म्हणजे बारावीनंतर घासलेल्या तीन वर्षांची किंमत सरकारनेच ठरवली, महिना 4,000! हे विद्यावेतन आहे, पगार नव्हे, असे कोणी म्हणेल. पण मालकही हाच आकडा पाहून बोली लावतो. आता चार लाखांच्या शैक्षणिक कर्जाचा हिशेब मांडा. दहा टक्के व्याज, दहा वर्षे मुदत, तर हप्ता सुमारे 5,300 रुपये. पदवीने वाढवले चार हजार, बँकेने नेले पाच हजार तीनशे. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता सुरू होतो. नोकरी लागो वा न लागो.

'तुम्हाला तर स्कॉलरशिप असते!' हा टोमणा आपण सर्वांनी ऐकला आहे. त्या शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा 2013 साली अडीच लाख झाली आणि पुढे दहा वर्षे तिथेच रुतून बसली. अडीच लाख म्हणजे महिना एकवीस हजारही नाहीत. बाप वॉचमन आणि आई घरकाम करणारी असली, तरी दोघांची कमाई मिळून ही रेषा ओलांडू शकते. ओलांडली की उरते फ्रीशिप. त्यात शिक्षण व परीक्षा शुल्क मिळते, निर्वाह भत्ता नाही. 2019 साली सवर्णांतल्या 'गरिबां'साठी मात्र आठ लाखांची मर्यादा आली. गरिबीलाही जात असते ती अशी!

1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा शिकून आल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार झाला होता. पुढे त्या नोकरीत जातीयवाद्यांनी त्यांचा छळ केला, हे आपण जाणतोच. पण पैसे देणाऱ्याने निदान काम देण्याचीही जबाबदारी घेतली होती. आजची बँक फक्त सही घेते.

म्हणून चळवळीने एक साधी मागणी धरावी. प्रत्येक महाविद्यालयाने फीच्या तक्त्याशेजारी मागील तीन वर्षांच्या पदवीधरांची कमाई लावावी. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी मध्यम पगाराचा आकडा घेतला जातो, पण तो नोकरी लागलेल्यांचाच. बेकार राहिलेले त्यात नाहीत. आपल्याला तेही हवेत.

जयंतीच्या डीजेला वर्गणी काढणाऱ्या मंडळांनी यंदा प्रवेशाच्या हंगामात आपल्या विहारात एक टेबल मांडावे. कर्जाच्या अर्जावर पोराची आणि बापाची सही पडण्याआधी हप्ता किती, भत्ता किती, हे तिथे कागदावर लिहून दाखवावे. त्याला वर्गणीही लागत नाही.