शाळेचा प्रकार फाटकावर लिहा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री आणि मा. शिक्षण आयुक्त,
महाराष्ट्र राज्य



मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक होतो. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीचे पालक प्रवेशाच्या दिवसांत विचारायला येतात. "सर, अमुक शाळा चांगली आहे का?" हा सगळ्यांचा प्रश्न. ती शाळा कोणत्या प्रकारची आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. असा काही प्रश्न असतो आणि मुलाच्या पुढच्या दहा वर्षांचा बराचसा हिशेब त्याच्या उत्तरात असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सांगायचं काम तुमच्या खात्याचं आहे, म्हणून हे पत्र.

शाळा चालवतं कोण, शिक्षकांचा पगार कुठून येतो, परीक्षा कोणत्या मंडळाची, माध्यम कोणतं आणि मान्यता कितवीपर्यंत, या पाच गोष्टी स्वतंत्र आहेत. पालकांच्या मनात त्यांचा गुंता होतो. सीबीएसई म्हटलं की खासगी आणि महागडी, राज्य मंडळ म्हटलं की सरकारी आणि फुकट, असा हिशेब घरोघरी चालतो. प्रत्यक्षात मुंबई महानगरपालिकाच सीबीएसईच्या शाळा चालवते, एक आयसीएसईचीही आहे. उलट राज्य मंडळाचीच पुस्तकं शिकवून भरभक्कम शुल्क घेणाऱ्या खासगी शाळा प्रत्येक शहरात आहेत. नावातल्या 'इंटरनॅशनल'वरून तर काहीच कळत नाही. तालुक्याच्या एसटी स्टँडमागे दोन खोल्यांत भरणारी इंटरनॅशनल स्कूल मी पाहिली आहे, आणि ती राज्य मंडळाचीच होती.

त्यातही अनुदानाचा भाग पालकांपासून सर्वांत लपलेला. अनुदानित शाळेत मान्य पदांचा पगार सरकारच्या वेतन पथकातून येतो आणि पालकाला नाममात्र पैसे भरावे लागतात. २००१ नंतर मात्र सरकारने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' या अटीवर परवानगी द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द काढला. मग मूल्यांकन आलं, घोषित-अघोषित याद्या आल्या, २० टक्क्यांपासून सुरू होणारं टप्पा अनुदान आलं. एकेका टप्प्यासाठी शिक्षकांना मुंबईत आझाद मैदानावर आंदोलनाला बसावं लागलं. दरम्यान २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळा आल्या. त्यांना सरकारचा पैसा मिळायचाच नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. म्हणजे विनाअनुदानित शाळा उद्या अनुदानावर येऊ शकते, स्वयंअर्थसहाय्यित येणार नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

याहून अवघड गोष्ट एकाच छपराखाली घडते. शाळा एक, मुख्याध्यापक एक, घंटा एक. 'अ' तुकडी अनुदानित, 'क' तुकडी विनाअनुदानित. 'अ'च्या वर्गावरच्या शिक्षकाला पूर्ण वेतनश्रेणी, 'क'वरचा संस्था देईल तेवढ्यावर राबतो आणि संध्याकाळी शिकवण्या घेतो. 'क'मधल्या मुलाचा बाप शुल्क भरताना विचारतो, शेजारच्या पोराला एवढे पैसे कसे नाहीत? संचमान्यता म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, मंजूर तुकड्या हे त्याला त्या वेळी खिडकीशी समजावून सांगणारं कुणी नसतं. प्रवेश देतानाच तुकडीचा प्रकार सांगितला असता तर त्याला निवड तरी करता आली असती.

आता मान्यतेविषयी, कारण इथे मुलाचं थेट नुकसान होतं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि पुढे चालू ठेवली तर रोजचे दहा हजारांपर्यंत. कायदा कडक आहे. पण अनधिकृत शाळांची यादी तुमचं खातं जाहीर करतं तेव्हा बऱ्याच ठिकाणी पालकांनी पैसे भरून, गणवेश शिवून झालेला असतो. शिवाय अनधिकृत शाळा पूर्णच अनधिकृत असते असं नाही. पाचवीपर्यंत मान्यता, वर्ग मात्र आठवीपर्यंत. किंवा आठवीपर्यंत मान्यता आणि नववी-दहावीची मुलं दुसऱ्याच शाळेच्या पटावर. ती सोय जुळली नाही, तर दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसायचं. पालकाला हे नववी संपताना कळतं.

मान्यता नसल्याचा फटका कसा बसतो, यासाठी नवोदय विद्यालयाच्या प्रवेशाचंच घ्या. ग्रामीण जागांसाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली असावी लागतात. गावातल्या बिनमान्यतेच्या इंग्रजी शाळेत तिसरी काढलेल्या हुशार पोराच्या हातून ती जागा परीक्षेआधीच गेलेली असते. 'सीबीएसई पॅटर्न' या पाटीचंही तसंच. पॅटर्न वेगळा, संलग्नता वेगळी. संलग्नता नसलेली शाळा सीबीएसईच्या दहावीला मुलं बसवू शकत नाही, पण पाटीवर तो शब्द लावायला तिला कुणी अडवत नाही. त्यात २०२५ मध्ये राज्य मंडळाच्या शाळांतही टप्प्याटप्प्याने 'सीबीएसई पॅटर्न' आणण्याची घोषणा सरकारनेच केली. त्यामागचा हेतू चांगला असेल, पण या पाटीवाल्यांचं काम त्या घोषणेने सोपं केलं.

शिक्षणहक्क कायद्याच्या राखीव जागांतही शाळेचा प्रकार असाच आडवा येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तुम्ही नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतून सूट दिली होती. त्या वेळी अर्ज भरायला बसलेल्या पालकांना यादीत अचानक जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळाच दिसू लागल्या. कित्येकांनी 'अनुदानित' हा शब्द तेव्हा पहिल्यांदा वाचला. उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली, जुलैमध्ये तो बदल रद्दच केला, आणि पालकांना सगळं पुन्हा करावं लागलं. आजही या जागांवर शिकणाऱ्या मुलांच्या घरी एक गोष्ट ठाऊक नसते: ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीत त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण शुल्क. आणि अल्पसंख्याक दर्जाच्या शाळेत या राखीव जागा नसतात, हेही अर्ज भरायला बसल्यावर कळतं.

आश्रमशाळांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या तुमच्या खात्याच्या थेट अखत्यारीत नाहीत, आणि अडचण नेमकी तीच आहे. आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळा, आदिवासी मुलांना नामांकित शाळांत शिकवण्याची त्याच विभागाची योजना, भटक्या-विमुक्तांच्या आश्रमशाळा वेगळ्या खात्याकडे, सामाजिक न्याय विभागाच्या निवासी शाळा आणखी वेगळ्या. पाड्यावरचा माणूस यातल्या कुठल्या कचेरीत जाणार?

तुमच्याकडे माहिती नाही, असं मला मुळीच म्हणायचं नाही. प्रत्येक शाळेला अकरा अंकी युडायस क्रमांक आहे. व्यवस्थापन कोणाचं, माध्यम कोणतं, मंडळ कोणतं, वर्ग कितवी ते कितवी, हे सगळं शाळा दरवर्षी युडायस या सरकारी नोंदणीत भरते. भरून घेण्यासाठी मुख्याध्यापकाच्या मागे किती तगादा असतो, हे मी भोगलं आहे. हीच माहिती पालकाच्या हाती मात्र पडत नाही. अकरावीला तुम्ही ती देता. २०२५ पासून राज्यभर झालेल्या ऑनलाइन प्रवेशात अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित असा दर्जा आणि शुल्क अर्जदाराला आधीच दिसतं, एकाच महाविद्यालयातल्या दोन प्रकारच्या तुकड्याही वेगळ्या दिसतात. सोळा वर्षांच्या मुलाला जे दाखवता, ते सहा वर्षांच्या मुलाच्या आईला दाखवायला काय हरकत आहे?

म्हणून मागणी एवढीच. प्रत्येक शाळेच्या फाटकावर, मराठीत, दुरून वाचता येईल अशा अक्षरांत एक फलक सक्तीचा करा. त्यावर युडायस क्रमांक, व्यवस्थापन, अनुदानाचा दर्जा तुकडीनिहाय, मंडळ आणि संलग्नता क्रमांक, माध्यम, मान्यता कितवीपर्यंत आणि ती कधी संपते, मंजूर शुल्क आणि राखीव जागा आहेत की नाहीत, एवढं असावं. हाच तपशील प्रवेश अर्जाच्या पहिल्या पानावर छापा आणि त्यावर पालकाची सही घ्या. अनधिकृत शाळांची यादी प्रवेश सुरू होण्याआधी ग्रामपंचायतीच्या आणि प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावा. फलक न लावणाऱ्या किंवा खोटा लावणाऱ्या शाळेवर केंद्रप्रमुखाने अहवाल द्यावा आणि गटशिक्षणाधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत कारवाई करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळी तरतूद लागत नाही. एक शासन निर्णय पुरेसा आहे. तो पुढच्या प्रवेशाआधी काढा.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक